पवनचक्कीखालचा सरडा बदललाय का?

झूलॉजीत एम.एस्सी. करतेय, विषय उत्क्रांती, असं सांगितलं की साताऱ्यात हमखास प्रश्न येतो, "ती काय डोळ्यांनी दिसते का गं?" लग्नात विचारतात, पोवई नाक्यावर रिक्षावाले काकाही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते. (माकडाची शेपटी कुठं गेली, हा पुढचा प्रश्न. तो आज नको.)

डोळ्यांना दिसतो तो नुसता फरक. त्यामागं उत्क्रांती आहे की नाही, हे शोधावं लागतं.

ठोसेघरच्या पुढचं चाळकेवाडीचं पठार घ्या. पावसाआधीच्या उन्हात तिथं दगडावर वीतभर सरडा चढून बसतो आणि गळ्याखालचा पंखा फडकन उघडतो. निळा, काळा, नारिंगी! मादीला भुलवायचं आणि शेजारच्या नराला दम द्यायचा, दोन्ही कामं त्यातच. सरडा सुपर्बा ही स्वतंत्र प्रजाती म्हणून त्याची नोंद झाली 2016 मध्ये. तोवर असे बरेच सरडे सिताना या जुन्या वंशाच्या एकाच नावाखाली ढकलले जायचे. शरीराची मापं आणि डीएनए ताडून पाहिल्यावर ती गल्लत सुटली.

याच पठारावर पवनचक्क्या आहेत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जेमतेम पाव उरलेत आणि सरडे वाढलेत. त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी, माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नाहीत. पण अंगानं रोड, आणि नरांच्या पंख्याचा रंग फिका.

झाली की उत्क्रांती, असं म्हणायचा मोह होतो. मला ती घाई वाटते. सरडे जास्त म्हणजे किड्यांवरून ओढाताण जास्त, आणि पिवळ्या-नारिंगी छटांची काही रंगद्रव्यं अनेक सरड्यांना खाण्यातूनच मिळतात. पोट मारलं गेलं की जनुकं तीच असूनही रंग उतरू शकतो. उत्क्रांती म्हणायची तर फरक पुढच्या पिढीत वारशानं उतरायला हवा. त्यासाठी दोन्हीकडची अंडी आणून एकाच ठिकाणी, एकाच खाण्यावर पिल्लं वाढवायची. मोठेपणी फरक टिकला तर तो वारशातला, पुसला गेला तर जागेचा गुण. सांगायला सोपं आहे, करायला परवानग्यांपासून सुरुवात.

तुम्हाला अगदी डोळ्यांदेखत घडणारी उत्क्रांतीच बघायची असेल, तर सरड्यांमागं उन्हात फिरू नका, तासगावकडं द्राक्षबागेत जा. डाऊनीवर, म्हणजे वेलीवरच्या केवडा रोगावर, एकाच गटाचं (एकाच पद्धतीनं मारणारं) औषध मारत राहिलं, की त्याला न जुमानणारी बुरशी तेवढी तगते आणि पुढं तिचीच पिलावळ माजते. तिच्या पिढ्या दिवसांत मोजायच्या, सरड्यासारखं वर्षानुवर्षं थांबायला नको. माझ्या मामांनी उत्क्रांतीचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, पण औषधाचा गट बदलल्याशिवाय ते पुढची फवारणी घेत नाहीत.