एकास बहात्तर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सर-बाईंच्या आठवणी बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. मी हस्तव्यवसायाच्या खोलीतली एकच शिकवण घेऊन बसलो आहे: जोडण्याआधी जुळवून बघ. विमानांची स्केल मॉडेल्स करताना पदोपदी तिची गरज लागते. आज शाळेत ज्यांना हात चालवायची हौस आहे, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो.

एकास बहात्तर म्हणजे खरं विमान बहात्तर पटीने लहान केलेलं. सहा फुटी वैमानिक त्यात बरोबर एक इंचाचा होतो. या मापाचा शाळांशी जुना संबंध आहे. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून याच मापाची पाच लाख लाकडी मॉडेल्स मागवली होती. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे सैनिकांना नुसत्या आकारावरून ओळखता यावं म्हणून ती काळी रंगवायची. असं मॉडेल ३५ फुटांवर धरलं की अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं.

आज किटचा खोका उघडला की त्यात बहुतेक वेळा ब्रिटिश, जर्मन नाहीतर अमेरिकी वैमानिकाचं विमान निघतं. आपल्या वैमानिकांची विमानं आपल्यालाच घडवावी लागतात, आणि ती घडवलीच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. मुंबईत जन्मलेले हृषिकेश मुळगावकर पुढे हवाईदल प्रमुख झाले, हे आपल्या शाळेतल्या किती मुलांना ठाऊक असेल?

सुरुवात हरिकेन या लढाऊ विमानापासून करावी. १९४४ मध्ये इंफाळला जपान्यांचा वेढा पडला होता, तेव्हा अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाईदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने हेच विमान उडवलं. काम मुख्यतः टेहळणीचं. विमानं जोडीने जात. पुढचा वैमानिक जमिनीवर नजर ठेवी आणि मागचा नागमोडी उडत दोघांची पाठ राखी. त्याच वर्षी अर्जन सिंग यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं.

हरिकेनचे पंख १२.१९ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १६९ मिलिमीटर. किटमधले सुटे भाग प्लॅस्टिकच्या ज्या दांडीला जोडलेले येतात, तिच्यावरून ते ओढून तोडू नयेत. कटरने जरा लांब कापावेत आणि उरलेलं टोक ४०० नंबरच्या, मग ८००च्या वॉटर पेपरने पाण्यात घासावं. ओढलं की भागाचाच लचका निघतो. नंतर सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत, नाहीतर साच्यातला तेलकटपणा राहतो आणि रंग सुटतो.

धडाचे दोन भाग जोडताना आपण ते नकळत जास्त दाबतो. धड अरुंद होतं आणि पुढे पंख बसवताना मुळाशी दोन्हीकडे फट दिसते. तिथे पुट्टी भरत बसण्यापेक्षा धड बंद करण्याआधीच आत दांडीचा तुकडा आडवा बसवावा आणि पंख लावून बघत त्याची लांबी ठरवावी. पुट्टीचा मोह हरिकेनवर विशेष टाळावा, कारण मागच्या धडावर कापडाखालच्या पट्ट्यांचे बारीक उंचवटे आहेत. पाठीवरची सांधरेषा घासताना ते सपाट झाले की विमानाचं रूपच जातं. सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा गोंद, पातळ घ्यावं. दोन भाग जुळवून धरून ब्रशचं टोक फटीला टेकवलं की ते आपसूक आत ओढलं जातं. ट्यूबमधलं घट्ट सिमेंट जास्त झालं तर प्लॅस्टिक विरघळून खड्डा पडतो.

पंखाचा मधला भाग सपाट असतो. चाकांच्या बाहेरचा भाग तेवढा वर उचललेला, साधारण साडेतीन अंश. दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून मॉडेल रात्रभर तसंच राहू द्यावं. तोफांच्या नळ्या किटमध्ये भरीव असतात. त्या कापून इंजेक्शनच्या सुईचे तुकडे बसवले की तोंडं पोकळ दिसतात. वापरलेली सुई मात्र घेऊ नये. सुई बारीक कानशीने गोल फिरवत कापावी, पक्कडीने कापली की चेपते. अशा बारीक कानशींचा संच मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो. कॉकपिटची काच फेविकॉलने लावावी. सायनोअॅक्रिलेटच्या (झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूच्या) वाफेने तिच्यावर धुरकट थर चढतो आणि तो सहसा जात नाही.

आता रंग. वर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली करडा. पंखांवर आणि धडावर लावायच्या ब्रिटिश ओळखचिन्हाच्या वर्तुळाचा किटमधला लाल मध्य इथे चालत नाही. जपानी विमानांवर लाल गोळा होता. गोंधळात आपलीच विमानं पाडली जाऊ नयेत म्हणून या आघाडीवर लाल रंग काढून टाकला होता. बाहेर गडद निळा, आत फिका निळा. फिक्या निळ्यासाठी चार भाग पांढऱ्यात एक भाग निळा इथून सुरुवात करून छटा जुळवावी.

मुंबईच्या पावसाळ्यात स्प्रेने रंग मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. गणपतीपर्यंत जोडणी, दसऱ्यानंतर रंग, हे वेळापत्रक आपल्याकडे चांगलं जमतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगांचं थिनर तर या प्लॅस्टिकला लावूच नये, ते वितळतं. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, लावण्याआधी चकचकीत वार्निशचा थर द्यावा. मॅट रंग खरखरीत असतो. डिकलखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी डाग दिसतो. मॅट वार्निश सगळ्यात शेवटी.

हरिकेन जमलं की नॅट हे छोटं जेट लढाऊ विमान घ्यावं. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं चालून आली असताना निर्मलजीतसिंग सेखों याच विमानातून उडाले आणि लढता लढता गेले. हवाईदलाला मिळालेलं ते एकमेव परमवीर चक्र. दुकानात सहज दिसणारं रेड अॅरोज या ब्रिटिश हवाई कसरत पथकाचं लाल नॅट मात्र त्यांचं नव्हे. ते दोन आसनी प्रशिक्षण विमान आहे आणि त्याचे पंखही मोठे आहेत. रंग बदलून काम भागत नाही. एक आसनी नॅटचंच किट शोधावं. त्याचे पंख या मापात जेमतेम ९४ मिलिमीटर भरतात.

नॅटला पुढे चाक आहे, त्यामुळे नाकात वजन नसेल तर मॉडेल शेपटीवर बसतं. धड चिकटपट्टीने तात्पुरतं बांधावं, मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलावं आणि नाक खाली जाईपर्यंत वर गळाचं शिसं ठेवत जावं. मग थोडं आणखी घ्यावं, कारण शेपटीकडचे छोटे भाग आणि रंग नंतर चढतात. नाकात जागा अगदी कमी आहे. उरलेलं शिसं वैमानिकाच्या आसनाखाली ठोकून बसवावं. धड बंद झाल्यावर ते आत घालता येत नाही. शेपटीवरचा क्रमांक त्याच विमानाच्या फोटोवरून घ्यावा, आणि फोटोत तो वाचता येत नसेल तर जागा कोरी ठेवावी.