गिऱ्हाइकाची वस्तू, आपला हात

"ताई, हातात फारसे पैसे नाहीत. कोणता धंदा सुरू करू?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारा मुलगा किंवा मुलगी बहुतेक विशीतली असते, नोकरीचे अर्ज भरून भरून थकलेली. त्यांना धंद्याचं एक नाव हवं असतं. मी आधी त्यांनाच विचारते, "तुझ्याकडे गिऱ्हाईक येईल तेव्हा त्याच्या हातात काय असेल?"

हा प्रश्न मला स्वतःला फार उशिरा सुचला. मी सुरुवात केली तयार कपडे विकण्यापासून. साठवलेले पैसे आणि थोडे उसने घेऊन दोन कपाटं भरली. मधल्या मापांचे कपडे तीन आठवड्यांत गेले. उरले ते अगदी लहान आणि अगदी मोठ्या मापांचे. घाऊक माल घेताना मापांचा पूर्ण संच घ्यावा लागतो, हवं तेवढंच माप निवडता येत नाही, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. वहीत नफा दिसत होता, पण तो कपाटात घड्या घालून पडलेला होता. मग मी सवलत सुरू केली. शंभराच्या विक्रीत तीस सुटत होते. दहा टक्के सवलत दिली की वीसच सुटणार, म्हणजे आधीइतकाच नफा मिळवायला दीडपट नग विकायला हवेत. दीडपट गिऱ्हाईक आणणार कुठून?

त्याच दिवसांत लोक विचारायचे, "पँट थोडी लांब होतेय, कमी करून द्याल का?" आईचं शिलाई मशीन घरात होतंच. संध्याकाळी बसून करून द्यायचे. महिनाअखेरीला जमाखर्च मांडला तर कपड्यांतून आलेला पैसा पुन्हा कपड्यांतच गेलेला, आणि अल्टरेशनचा पैसा मात्र डब्यात शिल्लक. तिथे माझा माल काहीच नव्हता. पँट गिऱ्हाइकाची, माझा फक्त हात, दोरा आणि वेळ.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: भांडवल थोडं असेल तर वस्तू गिऱ्हाइकाची असेल असं काम धरावं. शिकायला वेळ लागतो, पण अंगावर माल पडत नाही.

चेनचंच बघा. बॅगेची किंवा जॅकेटची चेन बंद होते, पण मागून उघडी पडत जाते. लोक म्हणतात चेन गेली, नवी बसवा. दहातल्या सहा-सात वेळा चेनचे दात शाबूत असतात, झिजलेला असतो तो रनर, म्हणजे ओढल्यावर दातांवरून सरकणारा भाग. रोजच्या ओढाताणीने त्याच्या दोन पट्ट्यांमधली फट रुंदावते आणि मग तो दात एकमेकांत दाबून बसवू शकत नाही. पक्कडीने रनरच्या मागच्या टोकाच्या दोन्ही कडा एकेक करून हलकेच दाबायच्या. एकदम जोर केला की धातू तडकतो. एवढ्यावर चेन काही महिने चालते. खरं काम म्हणजे रनर बदलणं. रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा आकडा असतो, ३, ५, ८, १०. बंद केलेल्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर असते. त्याच आकड्याचा आणि त्याच जातीचा रनर लागतो. धातूच्या दातांचा रनर नायलॉनच्या गुंडाळीसारख्या दातांवर नीट बसत नाही. टोकाचे दोन टाके उसवून जुना काढायचा, नवा चेनच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखा चढवायचा, टोक पुन्हा शिवायचं. मला बारा मिनिटं लागतात. सुरुवातीला पाऊण तास लागायचा. रनरची मिश्र पाकिटं, एक पक्कड, शिवण उसवायचा हुक आणि सुईदोरा, एवढ्यावर हे काम उभं राहतं.

मशीन लागणारच असेल तर जुनं घ्या, मात्र तपासून. सोबत कापडाचे तुकडे आणि दोन रंगांचे दोरे न्या. वर लाल, खालच्या बॉबिनमध्ये (छोट्या रिळात) पांढरा. टीप मारा आणि कापड उलटं करून बघा. खाली लाल ठिपके दिसले किंवा वर पांढरे दिसले, तर आधी वरच्या दोऱ्याचा ताण फिरवून बघा. तरी जुळत नसेल किंवा टाके सुटत असतील, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा. मग कापडाचे चार थर घालून हाताने चाक फिरवा. कुठे अडकतंय ते हाताला लगेच कळतं. दोन दोऱ्यांच्या या टाक्याचं पेटंट इलायस होवे यांनी अमेरिकेत १८४६ साली घेतलं आणि आजही घराघरांतली मशीन त्याच तत्त्वावर चालतात. म्हणून जुनं दणकट मशीन वर्षानुवर्षं काम देतं. सिंगर कंपनीने १८५० च्या दशकातच मशीन हप्त्यांनी विकायला सुरुवात केली होती, कारण मशीन घरी आलं की तेच हप्त्याचे पैसे कमावून देईल, हा हिशेब बायकांना पटत होता. हप्त्याने घ्यायची वस्तू अशी असावी. हप्त्यावर घेतलेला फोन पहिल्या महिन्यात हप्त्याचे पैसे कमावत नसेल, तर तो धंद्याच्या खर्चात धरू नका.

दर ठरवताना बहुतेक सगळी मुलं चुकतात, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. शेजारचा किती घेतो ते बघतात आणि त्याहून थोडं कमी लावतात. मी तीन आठवडे घड्याळ लावून काम केलं. साधी दुमड १५ मिनिटं, जीन्सची मूळ कड राखून लांबी कमी करायला २५, कंबर आत घ्यायला ४० ते ४५. दिवसाचे आठ तास दुकानात बसले तरी हातात काम पाचच तास असायचं. बाकीचा वेळ मापं घेण्यात, बोलण्यात, दोरा आणायला जाण्यात जायचा. महिन्याचे २६ दिवस धरले तर पैसे मिळवून देणारे तास १३०. घरखर्च, भाडं, दोरा-सुया, मशीनची दुरुस्ती, आजारपणासाठी थोडी शिल्लक, या सगळ्याची बेरीज करून तिला १३० ने भागायचं. तो तासाचा दर. आठ तासांच्या हिशेबाने २०८ ने भागलंत, तर दर ३७ टक्क्यांहून जास्त खाली येतो आणि वर्षभर राबूनही हाती का उरत नाही ते कळत नाही. माझं पहिलं वर्ष असंच गेलं.

उधारीबद्दल एवढंच सांगते: कपडा पैसे मिळाल्यावर हातात द्यायचा, अगदी नात्यातल्यांनाही. वस्तू तुमच्याकडे असते तोवर हे सहज जमतं. आणि चिठ्ठी. प्रत्येक कपड्याला टाचणीने चिठ्ठी हवी, त्यावर नाव, तारीख, काम आणि माप. चिठ्ठी न लावल्यामुळे मी एकदा एकाची काळी पँट दुसऱ्याच्या मापाने कापली. कापलेलं कापड परत जोडता येत नाही. नवी पँट भरून द्यावी लागली, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

कर्जाविषयी मला नेहमी जोब्रा आठवतं. बांगलादेशातल्या या गावात १९७६ साली अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी गावातल्या ४२ कारागिरांचं आणि छोट्या विक्रेत्यांचं देणं एकत्र मोजलं. ते सगळं मिळून २७ डॉलर भरलं. बांबूची स्टुलं विणणाऱ्या बायका बांबूसाठी व्यापाऱ्याकडून पैसे घेत, आणि तयार स्टूल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने द्यावं लागे. युनूस यांनी ते पैसे स्वतःच्या खिशातून दिले. पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. मला त्यातली रक्कम जितकी महत्त्वाची वाटते, त्याहून जास्त ती अट. कच्चा माल देणारा आणि पक्का माल घेणारा एकच झाला की भाव ठरवणं आपल्या हातात राहत नाही. मलाही एका घाऊक व्यापाऱ्याने कापड उधार देऊ केलं होतं, फक्त त्याच्यासाठीच शिवायच्या बोलीवर. काम भरपूर होतं, मोह पडला होता. माझा तासाचा दर काढून बघितला तर त्याच्या भावात तो निम्माही बसत नव्हता. नाही म्हणाले.

शिवणकाम सगळ्यांनी करावं असं मी म्हणत नाही. सायकल दुरुस्ती, सुऱ्या-कात्र्यांना धार, पंखे आणि पाण्याच्या टाक्यांची सफाई, जुने फोटो स्कॅन करून नीट लावून देणं, छोट्या दुकानदारांचे हिशेब संगणकावर चढवणं, मुलांच्या शिकवण्या, लोक गावाला गेले की त्यांच्या झाडांना पाणी घालणं. या सगळ्यांत वस्तू किंवा गरज गिऱ्हाइकाची आहे. त्यातलं कोणतं धरायचं ते असं बघा: उसन्या हत्यारांनी याच आठवड्यात एक काम पैसे घेऊन करून देता येईल का? ओळखीतल्या दहा जणांना विचारा, पण "कल्पना कशी वाटते" असं नको. "तुमच्या घरात असं काही बिघडून पडलंय का, द्या मला" असं विचारा. कौतुक सगळेच करतात. वस्तू आणून देतात ती खरी गिऱ्हाइकं.

आमच्या शेजारच्या मुलाने तसंच विचारलं. त्याला पहिल्या आठवड्यात चार प्रवासी बॅगा मिळाल्या, दोन चेनच्या, दोन चाकांच्या. चेन त्याला मी शिकवली. चाकांचं मला काही माहीत नव्हतं. काल तो एक बॅग घेऊन माझ्याकडे बसला होता. चाकाचा जुना आस रिव्हेट केलेला होता, स्क्रू नव्हताच. त्याने हॅकसॉचं पातं फटीत घालून तो कापला, चाकाचा व्यास मोजला, त्याच मापाचं चाक, बोल्ट आणि घट्ट बसणारा नट घातला. झिजलं होतं एकच चाक. तरी त्याने गिऱ्हाइकाला फोन करून दोन्ही बदलायची परवानगी मागितली. एक नवं आणि एक झिजलेलं ठेवलं तर बॅग एका बाजूला ओढत राहील, असं त्याने त्यांना समजावलं, आणि दुसऱ्या चाकाचे फक्त सामानाचे पैसे सांगितले. मग वहीत वेळ लिहिली: ५५ मिनिटं.