सणाच्या दिवशी असल्या कहाण्या कशाला?

श्रावण जवळ आला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा लहान मुलांचे आईवडील असतात. आमच्या घरी चातुर्मासातल्या कहाण्या अजूनही मोठ्याने वाचल्या जातात, मुले समोर बसून ऐकतात आणि वाचता वाचता घरातल्या बायका मध्येच मनापासून हसतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते खटकते. "देवापुढे नैवेद्य वाढलेला असतो आणि तुम्ही मेलेल्या मुलांच्या, विषारी खिरीच्या आणि घराबाहेर काढलेल्या सुनांच्या गोष्टी वाचता. वर हसतासुद्धा!" असे एका भाचीने मला तोंडावर विचारले. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

या कहाण्या भयंकर आहेत, हे आधी मान्य करते. नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने नागिणीची पिल्ले मरतात, तेव्हा ती त्याचे सगळे घरदार डसून संपवते आणि सासरी असलेल्या लेकीलाही डसायला तिच्या गावी जाते. त्या दिवशी चिरायचे नाही, कापायचे नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून आपण पुरणाचे दिंड उकडतो. दिंडांवर तुपाची धार धरताना आपण एका कुटुंबाच्या मरणाची आठवण पाळत असतो, आणि लेकीने पाटावर काढलेल्या नागाला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवल्यामुळे ते कुटुंब पुन्हा उठून बसले, याचीही.

परंतु भयंकर असणे ही या कहाण्यांची अर्धीच ओळख आहे. दिव्यांच्या अमावास्येची कहाणी घ्या. राजाच्या सुनेने घरातला एक पदार्थ स्वतः खाल्ला आणि आळ उंदरांवर घातला. उंदरांनी सूड म्हणून रात्री तिची चोळी नेऊन पाहुण्याच्या अंथरुणात टाकली. दुसऱ्या दिवशी तिची निंदा झाली आणि तिला घराबाहेर काढण्यात आले. एका घासापायी सुनेची अब्रू जाते, हे ऐकून मुले उंदरांच्या हुशारीवर हसतात. मोठ्या बायकाही हसतात, पण त्यांचे हसणे मुलांपेक्षा वेगळे असते, कारण सगळ्यांची पाने झाल्यावर उरलेसुरले खाणे हा ज्या घरांतला रिवाज होता, तिथे सुनेने आधी काही तोंडात टाकणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असते. पुढे शिकारीहून परतणारा राजा रात्री एका झाडाखाली मुक्काम करतो आणि त्याला दिसते की गावातले सगळे दिवे त्या झाडावर जमून, यंदा कोणाच्या घरी आपली कशी पूजा झाली, याच्या गप्पा मारत आहेत. त्यात राजाच्या घरचा दिवा आपले रडगाणे गातो: मला रोज घासूनपुसून तेलवात करणारी होती, तिलाच हाकलून दिले. घरात जिची बाजू घेणारे एकही माणूस नव्हते, तिची साक्ष शेवटी दिव्याने दिली.

ऋषिपंचमीची कहाणी मला या सगळ्यांत थोर वाटते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ती वाचतात. एका ब्राह्मणाच्या घरी वडिलांचे श्राद्ध आहे. ते वडील मेल्यावर त्याच घरात बैल झाले आहेत आणि आई कुत्री झाली आहे, पण मुलाला याचा पत्ता नाही. श्राद्धासाठी खीर शिजते आणि एक साप तिच्यात विष ओकून जातो. कुत्री हे पाहते. ब्राह्मण खीर खाऊन मरतील आणि मुलाला हत्येचे पातक लागेल, म्हणून ती उठते आणि खिरीच्या भांड्याला तोंड लावते. सून जळते कोलीत घेऊन तिच्या कमरेत घालते, सगळा स्वयंपाक पुन्हा करते आणि त्या दिवशी कुत्रीला उष्टेही घालत नाही. रात्री ती गोठ्यात बैलाजवळ जाऊन रडते. बैल म्हणतो, माझी तरी काय वेगळी गत आहे. मला दिवसभर नांगराला जुंपले, तोंड बांधून मारले, मी उपाशी आहे आणि मुलाने केलेले माझे श्राद्ध फुकट गेले.

ज्याच्या नावाने पंगत उठली तो गोठ्यात उपाशी आणि जिने पंगत वाचवली तिची कंबर मोडलेली. इथे ऐकणारा हसतो आणि पुढच्या क्षणी त्याचे त्यालाच अवघडल्यासारखे होते. जिवंतपणी आईबापांना घासभर अन्न न देता मागाहून त्यांच्या नावाने जेवणावळी घालणारी घरे प्रत्येक गावात होती आणि आहेत, पण भर सणाला सासऱ्यासमोर किंवा थोरल्या दिरासमोर हे बोलण्याची कोणाची छाती होती? कहाणी मात्र ते बोलत असे, आणि ती व्रताचाच भाग असल्यामुळे तिला मध्येच थांबवता येत नसे. हातात अक्षता घेऊन बसलेल्या सर्वांना ती शेवटपर्यंत ऐकावी लागे. मेलेल्यांच्या आणि उपाशी राहिलेल्यांच्या या गोष्टींतला विनोद मला म्हणूनच मोलाचा वाटतो: तक्रार म्हणून जे खपले नसते, ते या बायकांनी देवापुढे, सगळ्यांच्या देखत, हसवत सांगितले.

पंचांगातला क्रमही पाहण्यासारखा आहे. श्रावण अमावास्येला पोळा असतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद आणि तुपाने मळतात, पोळ्याला त्याला पुरणपोळी भरवतात. त्यानंतर पाचव्या तिथीला आपण मुसके बांधलेल्या उपाशी बैलाची कहाणी ऐकतो आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काहीही खात नाही. अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, सुरण, मक्याचे कणीस अशी परसातली भाजी फोडणीशिवाय एकत्र शिजते. ताटात त्या दिवशी गव्हाची पोळी का नाही, हे विचारणाऱ्या मुलाला गोठ्यातल्या त्या संवादाइतके नेमके उत्तर मला दुसरे माहीत नाही.

याच कहाणीत एक गोष्ट मला अजिबात मान्य नाही. आईला कुत्रीचा जन्म का मिळाला, तर पाळीच्या दिवसांत तिने घरात शिवाशिव केली म्हणून, असे कारण त्यात दिलेले आहे. तो भाग मी गाळत नाही. वाचून झाल्यावर मुलींना आणि मुलग्यांनाही स्पष्ट सांगते की ही त्या काळची चुकीची समजूत होती आणि हिच्यामुळे कित्येक बायकांचे हाल झाले. गाळले असते, तर ती समजूत होती हेच त्यांना कळले नसते.

आता तुमच्या प्रश्नातला सर्वांत कठीण भाग, म्हणजे मेलेली मुले. पिठोरी अमावास्येच्या कहाणीत दर वर्षी आजेसासऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशीच सून बाळंत होते, मूल जाते आणि ब्राह्मण उपाशी उठतात. सातव्या वर्षी सासरा संतापून मेलेले मूल तिच्या ओटीत घालतो आणि तिला रानात हाकलतो. त्याचे दुःख पंगत मोडल्याचे आहे, हे कहाणी एकही शब्द न चढवता सांगते. रानात तिला झोटिंगाची, म्हणजे माणसे खाणाऱ्या भुताची, बायको भेटते आणि बजावते की आलीस तशी लवकर जा, नाहीतर माझा नवरा तुला मारून खाऊन टाकील. सून उत्तर देते, "तेवढ्याकरिताच मी इथं आले आहे." यावर ती झोटिंगाची बायकोच कळवळते. संपूर्ण कहाणीत "तू जिवावर इतकी उदार का झालीस?" हे विचारणारी पहिली बाई भुताच्या घरची आहे. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका या जागी हसत, आणि त्यांतल्या कितीतरी जणींचे पाळणे रिकामे झालेले होते. १९७१ सालीसुद्धा देशात दर हजार जन्मांमागे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत होती. २०२० साली ते प्रमाण २८ वर आले. पूर्वी ही कहाणी ऐकणाऱ्यांत असे मरण न पाहिलेली बाई विरळाच असणार. मूल गेल्याचा दोष आईवर टाकणाऱ्या घराला या बायका कहाणीतून उघडे पाडत होत्या आणि सातही मुले जिवंत करून सुनेला मानाने परत आणत होत्या. तोच सासरा मग मुलांवरून तांदूळ ओवाळून टाकतो आणि सगळ्यांना घरात घेतो. तो क्षमा मागत नाही, आणि कहाणीही त्याच्याकडून मागवत नाही. मला हे फार खरे वाटते.

पिठोरीला आई नैवेद्याची खीरपुरी डोक्यावर धरून, मागे न पाहता "अतिथी कोण आहे?" असे विचारते आणि मागे उभे असलेले मूल "मी आहे" म्हणते. कहाणीत रानात रात्री पूजेला आलेल्या देवकन्या हाच प्रश्न विचारतात, तेव्हा ती सूनही हेच उत्तर देते, आणि मग त्या तिची मुले जिवंत करतात. ही कहाणी न ऐकलेल्या मुलासाठी तो नुसता खाऊ मिळवण्याचा खेळ ठरतो.

म्हणून माझे म्हणणे असे की कहाण्या वाचाव्यात आणि पूर्ण वाचाव्यात. मुलांसाठी सोप्या केलेल्या प्रतींत सासरा नुसता रागावतो आणि सून आपली आपण रानात जाते. तशी प्रत घेऊ नये. तुमच्या आजीच्या तोंडची कहाणी पोथीपेक्षा वेगळी असेल, तर आजीचीच सांगावी. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिव्यांची कहाणी पुरे. झाडावर गप्पा मारणारे दिवे त्याला आवडतात. ऋषिपंचमीची सात-आठ वर्षांनंतर. पिठोरीची वाचताना मूल घाबरले, तर त्याला जवळ घ्यावे, पण वाचन अर्ध्यावर सोडू नये, कारण सातही मुले जिवंत होऊन घरी येतात ते शेवटी, आणि घाबरलेल्या मुलाने तेच तर ऐकायला हवे.