सीताअशोक म्हणून नोंदवलेली उर्वशी

वृक्षगणनेच्या कामात नुसती पाने पाहून झाडाचे नाव लिहून मोकळे होण्याची सवय लागते, आणि ती माझ्या अंगाशी आली माटुंग्याच्या एका जुन्या सोसायटीत. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिथल्या सेक्रेटरींचा फोन आला, की मागच्या अंगणातला सीताअशोक वाळत चालला आहे, फांद्यांच्या टोकांची पाने तपकिरी पडून लोंबू लागली आहेत, तेव्हा तोडण्याच्या परवानगीसाठी अहवाल द्यावा. ते झाड सीताअशोक आहे असे त्यांना सांगणारा मीच होतो. चार वर्षांपूर्वीच्या नोंदवहीत तसे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे.

झाड आजारी नव्हते. तपकिरी दिसत होती ती कोवळी पालवी: पिळून दोरीवर टाकलेल्या रुमालांसारखी सैल लोंबणारी, तांबूस झाक असलेली, बोटांत धरली तर मऊ आणि गार. या अवस्थेत पानांत हरितद्रव्य फार थोडे असते. पुढे ती ताठ होतात, हिरवी होतात आणि उचलली जातात. एवढे सेक्रेटरींना समजावून मी निघणारच होतो, कारण सीताअशोकाची पालवीही अशीच लोंबते.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, पण अशोकाची फुलं अशी कुठं असतात? मी तेव्हाच म्हटलं होतं यांना."

विहिरीच्या बाजूला, भिंतीआड, हातभर लांबीचा तुरा खाली लोंबत होता, आणि त्याची तीन-चार फुले फरशीवर गळून पडली होती. त्यातले एक उचलून मी तळहातावर ठेवले. लांब देठाच्या टोकाला समोरासमोर दोन मोठी लालगुलाबी उपदले (फुलाखालची पानासारखी दले), त्यापुढे मागे वळलेली चार निदले (पाकळ्यांबाहेरची, कळीला झाकणारी दले), मग पाकळ्या: वरची पंख्यासारखी रुंद, टोकाला पिवळा ठिपका असलेली, बाजूच्या दोन अरुंद, आणि उरलेल्या दोन इतक्या खुरटलेल्या की भिंगाशिवाय दिसू नयेत. पुंकेसर दहा, त्यांतले नऊ बुडाशी जोडलेले आणि एक सुटा. सीताअशोकाला पाकळ्याच नसतात. त्याचा सगळा रंग निदलांचा, आणि फुलांचे गुच्छही असे लोंबत नाहीत. म्हणजे ही उर्वशी, अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस. भायखळ्याच्या राणीच्या बागेत विद्यार्थी असल्यापासून मी ती पाहत आलो आहे, त्यामुळे ओशाळलो तो अधिकच.

हे झाड कुठल्या कुळातले, असे आजींनी विचारले. तूर-मुगाच्या, शेंगांच्याच कुळातले, पण जवळचे नाते चिंचेशी, असे सांगितल्यावर त्यांना ते पटेना. चिंचेच्या फुलातही तीनच पाकळ्या नीट वाढतात आणि दोन खुंटतात. ज्या शहरात चिंचपोकळी आहे तिथे चिंचेचे फूल निरखून पाहिलेला माणूस मात्र क्वचितच भेटतो.

उर्वशीचे मूळ घर दक्षिण म्यानमारमधले सखल, दमट अरण्य. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नथॅनिएल वॉलिच यांना 1827 मध्ये ती मार्तबानजवळ, साल्विन नदीच्या परिसरातल्या एका विहाराच्या बागेत दिसली. तिथल्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे ही फुले वाहिलेली होती. गव्हर्नर जनरलच्या पत्नी सारा अ‍ॅम्हर्स्ट यांच्यावरून त्यांनी तिला नाव दिले, आणि या प्रजातीत ही एकच जाती आहे. रानात ती आता फारच दुर्मीळ आहे. माटुंग्यात ती तगली, याचे श्रेय मी विहिरीच्या ओलाव्याला आणि दोन इमारतींच्या सावलीला देतो, कारण कोरडी हवा तिला मानवत नाही.

"मग शेंग का धरत नाही हो?" हा आजींचा शेवटचा प्रश्न. लावलेल्या झाडांना शेंगा क्वचितच धरतात, म्हणून रोपे गुटी बांधूनच, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळे फुटवूनच, करतात, असे मी म्हणालो. हे ऐकताच सोसायटीच्या माळीकाकांनी फांद्या चाचपायला सुरुवात केली आणि पावसाळ्यात दोन गुट्या बांधायचे ठरले. सेक्रेटरींनी तोडणीचा अर्ज घडी करून खिशात ठेवला, आणि मी नोंदवहीतल्या सीताअशोकावर आडवी रेघ मारून वर उर्वशी लिहिले, खाली तारखेसह सही केली.