खारपाणपट्ट्यातली ई२२० आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

मागच्या मे महिन्यात दर्यापूरहून अकोल्याला जाताना गाडीच्या तापमानाचा काटा ८० सोडून चढत चढत १२०ला टेकला. सकाळचे साडेदहा वाजले होते, एसी सुरू होता आणि मागच्या सीटवर आई होती. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, काचा उघडल्या आणि बाभळीची सावली दिसली तिथे गाडी उभी केली. इंजिन तापलेलं असताना हीटर लावायचा, म्हणजे थोडी तरी उष्णता गाडीच्या आत निघून जाते, हे बाबांनी शिकवलं होतं. इंजिनाच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला मात्र तासभर हात लावला नाही. ते १.४ बार दाब धरून बसलेलं असतं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

गाडी बाबांची. १९९६ची मर्सिडीज ई२२०, पेट्रोल, डब्ल्यू-१२४ बांधणीची. या कंपनीनं भारतात पहिल्यांदा जी गाडी जुळवली ती हीच, पुण्यात टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) कारखान्यात, १९९५पासून. बाबांनी २००८ साली अकोल्याच्या एका डॉक्टरांकडून ती घेतली. आमच्या गावात तेव्हा तिच्याभोवती लोक जमायचे. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मी शाळेत विज्ञान शिकवते, गाडीचं काम कधी केलेलं नव्हतं.

अकोल्यात एका गॅरेजवाल्यानं नुसतं वरून पाहूनच सांगितलं, "ताई, हेड खोला लागते." खर्च ऐकून आई म्हणाली, "विकून टाक माय, कशाले जीव लावते?" मला ते शक्य नव्हतं. गाडी हळूहळू, तीनदा थांबत, रात्रीच्या गारव्यात घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी हेड गास्केटच तपासलं, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पाणी-तेल अडवणारी पट्टी. तेलाच्या झाकणाखाली दुधट थर नव्हता. डिपस्टिकवर तेल स्वच्छ होतं. थंड इंजिन सुरू करून टाकीत पाहिलं, तर सतत बुडबुडे येत नव्हते, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. एवढं पाहायला वीस मिनिटं लागली, पैसा एकही नाही. हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि जास्त तापलं की वाकतं, म्हणून गॅरेजवाल्याची शंका अगदीच निराधार नव्हती. पण खोलण्याआधी एवढं तरी पाहायला हवं होतं.

मग थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरकडं कधी सोडायचं ते ठरवणाऱ्या झडपेचं, घर उघडलं. तीन छोटे बोल्ट, आणि आत काहीच नाही. नुसती रिकामी जागा.

बाबांची खर्चाची वही काढली. २०१४च्या एप्रिलच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं : "थर्मोस्टॅट काढला, गरमीसाठी. १५० रु." आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात दोन-तीन वेळा : "पाणी टाकले, बोअरचे." मी बराच वेळ ती वही घेऊन बसले. बाबांनी कोणाचं तरी ऐकून, गाडीच्या भल्यासाठीच केलेलं होतं. विदर्भात हा सल्ला आजही सर्रास देतात : इथं एवढी ऊन, थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरेल.

या इंजिनाला तो सल्ला उलटा पडतो. यातल्या थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. इंजिन थंड असताना पुढची चकती रेडिएटरकडची वाट बंद ठेवते आणि पाणी बायपासनं, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या वाटेनं, इंजिनातच फिरतं. ८७ अंशांना आतलं मेण वितळून फुगतं, पुढची चकती उघडते आणि त्याच वेळी मागची चकती बायपास बंद करत जाते. म्हणजे गरम इंजिनाचं सगळं पाणी रेडिएटरमधून जावं, ही जबाबदारीही त्याचीच. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. गरम पाण्यातला मोठा वाटा रेडिएटरला न शिवताच परत इंजिनात शिरतो. हिवाळ्यात हे कळत नाही. मेमध्ये, एसी लावून, चढावर कळतं.

पण दहा वर्षं गाडी चालत होती आणि यंदाच का तापली, याचं उत्तर बोअरच्या पाण्यात होतं. दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, येतो. आमच्या बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं तरी खारट लागतं. घरात ते फक्त धुण्याभांड्याला, आणि बादलीवर पांढरी पापडी धरते. तीच पापडी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम खाली बसतं आणि क्षारातलं क्लोराइड अॅल्युमिनियम खातं. खालचा स्क्रू सोडला तेव्हा जे बाहेर आलं ते चहासारखं होतं, तळाला मातकट गाळ.

पुतण्या बादली धरून होता. मी त्याला बजावलं होतं की यातला थेंबही नालीत जायला नको. जुन्या पाण्यात थोडं का होईना कूलंट (इंजिनाच्या पाण्यात मिसळायचं रसायन) असतं, ते चवीला गोड आणि विषारी. बकऱ्या, कुत्री पिऊन मरतात. सगळं कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवलं. रेडिएटर मोकळा झाला तरी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बरंच पाणी राहतं, म्हणून ब्लॉकचा ड्रेन बोल्टही उघडला. तो निघायला एक संध्याकाळ गेली. रात्रभर गंजावर तेल सोडून ठेवलं आणि सकाळी निघाला.

नवा थर्मोस्टॅट नागपूरहून कुरिअरनं आला. तो बसवण्याआधी उकळून पाहिला, आणि हे प्रत्येकानं करावं असं मला वाटतं. पातेल्यात पाणी, त्यात सुतळीनं टांगलेला थर्मोस्टॅट आणि शाळेतला प्रयोगशाळेचा थर्मामीटर. पंच्याऐंशीपर्यंत काही नाही. सत्त्याऐंशीच्या आसपास चकती हलली, आणि पाणी उकळेपर्यंत चांगली उघडली. आई पदर सावरत पाहत होती. म्हणाली, "हे तं घड्याळासारखं आहे व." बसवताना त्यावरची छोटी गोळी असलेलं छिद्र वरच्या बाजूला ठेवलं, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. ते एम-६चे बोल्ट अॅल्युमिनियमच्या आट्यांत बसतात, त्यामुळे १० न्यूटन-मीटरच्या वर ओढले नाहीत. टॉर्क पाना (ठरल्या जोरापर्यंतच बोल्ट कसणारा) दर्यापुरात एका मोटरसायकल मिस्त्रीनं एका दिवसासाठी दिला. पैसे घेतले नाहीत.

आता पापडी काढायची. त्याला निंबूसत. किराणा दुकानातलं, आंबटपणासाठी घेतो तेच, सायट्रिक अॅसिड. लिटरला शंभर ग्रॅम या हिशेबानं गरम पाण्यात विरघळवून भरलं. हीटर पूर्ण गरमवर ठेवला, म्हणजे हीटरच्या नळ्याही धुतल्या जातात. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताला गरम लागला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, आणि मग दहा मिनिटं इंजिन चालू दिलं. गार झाल्यावर सोडलं. पिवळट, फेसाळ, गढूळ पाणी आलं. रात्रभर आत ठेवायचा मोह झाला होता, पण आम्ल अॅल्युमिनियमलाही सोडत नाही, म्हणून तो मोह टाळला. नंतर स्वच्छ पाण्यानं चार वेळा धुतलं. ते पाणी शहानूर धरणाच्या नळाचं, आणि शेवटची खेप डिस्टिल्ड वॉटरची. बोअरचं एक तांब्याही नाही.

बाहेरची बाजू तर मी विसरूनच गेले होते. रेडिएटरच्या वरच्या दोन क्लिपा काढून तो जरासा मागं झुकवला आणि तो आणि त्याच्यापुढचा एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस गार करणारी जाळी) यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारला, तर रुई! दहा-पंधरा वर्षं कापसाच्या गाड्यांमागून ही गाडी धावली आहे. ओल्या धुळीत थापलेली रुई आणि गवताच्या बिया यांचा बोटभर थर होता. वारा कुठून जाणार? मऊ ब्रशनं, इंजिनाच्या बाजूनं पुढं असं हळू पाणी मारून काढलं. प्रेशर पंप मारला तर पाकळ्या वाकतात. रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या आहेत, अठ्ठावीस वर्षांच्या. होज ओढून काढताना टाकीची मान मोडू नये म्हणून मी तो चिरून काढला. नवे होज आधीच आणून ठेवले होते.

एसी लावून पुढचे विजेचे पंखे फिरतात का ते पाहिलं. फिरत होते.

शेवटी कूलंट. शेजारचे भाऊ म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं काय बर्फ पडते का? साधं पाणी टाका." बर्फासाठी नाही, गंज आणि पापडी धरू नये म्हणून ते टाकायचं, आणि निम्मं कूलंट असलेलं मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळतं, पाणी १००ला. या गाडीला कंपनीच्या ३२५.० मानकाचं निळसर कूलंट चालतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं मिसळून भरलं. झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवलं. बुडबुडे बराच वेळ येत राहिले. गार झाल्यावर सकाळी पातळी खुणेखाली गेली होती, तेवढं वाढवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, अमरावतीला गेले. ४३ अंश, एसी सुरू. काटा ८०च्या जरा वर जाऊन थांबला, दर्यापूर ते अमरावती तिथंच. रस्त्यात दोनदा थांबून मी होज हातानं पाहिले, गरज नसताना.

वहीत मी बाबांच्या ओळीखाली लिहिलं : "थर्मोस्टॅट बसवला. निंबूसत, कूलंट, दोन होज." पुढं तारीख. हीटरच्या व्हॉल्व्हमधून एक थेंब रोज गळतो आहे, ते काम दिवाळीच्या सुटीत करायचं आहे.