सर्व्हर सुरू करण्याआधी तो बंद कसा कराल ते ठरवा

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं, पण अनेक स्वतंत्र सर्व्हरांनी मिळून चालणारं समाजमाध्यम. त्याचा नवा सर्व्हर उभा करायचाय म्हणून कुणी सल्ला विचारला की मी आधी एकच गोष्ट विचारते. तुम्ही थकलात, आजारी पडलात, किंवा तुमचा यातला रस संपला, तर तुमच्याकडे राहायला आलेल्या लोकांचं काय? मशीन किती मोठं घ्यायचं, डोमेन कोणतं, नियम काय, याचा विचार बहुतेकांनी केलेला असतो. याचा नसतो. मी अनुवादकांच्या एका गटासाठी छोटासा सर्व्हर चालवते, आणि त्या अनुभवातून माझं मत पक्कं झालंय की बाकी सगळ्याच्या आधी हे ठरलं पाहिजे.

कारण रचनेतच आहे. मॅस्टोडॉन २०१६ साली आलं. आज ते ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपब प्रोटोकॉलवर (सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर) चालतं, त्याला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८मध्ये मान्यता दिली. या रचनेत तुमच्या पत्त्याचा पहिला भाग तुमचा आणि दुसरा अ‍ॅडमिनच्या डोमेनचा. प्रत्येक खात्याची खाजगी की, म्हणजे सही करायची गुप्त डिजिटल किल्ली, सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असते. तुम्ही पोस्ट लिहिली की सर्व्हर त्या कीने सही करून ती तुमच्या फॉलोअर्सच्या सर्व्हरांकडे धाडतो, आणि तिकडचे सर्व्हर सही तपासून मगच ती आत घेतात. म्हणजे बाकीच्या जगासाठी तुम्ही कोण, हे तुमच्या वतीने तुमचा सर्व्हर सांगत असतो.

खातं दुसरीकडे हलवायची सोय आहे आणि ती चांगली आहे. नव्या खात्यात जुन्याचा पत्ता नोंदवायचा, मग जुन्या खात्यात जाऊन स्थलांतराचा आदेश द्यायचा. जुना सर्व्हर तुमच्या फॉलोअर्सच्या सर्व्हरांना कळवतो, आणि ते फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात. पोस्ट मात्र येत नाहीत, त्या जुन्या जागीच राहतात. पण हे सगळं जुना सर्व्हर चालू असेल तरच. तो एका रात्रीत गेला, तर कळवणारं कुणी उरत नाही. तुम्ही कुणाला फॉलो करत होता त्याची यादी आधी उतरवून घेतली असेल, तर ती नव्या ठिकाणी चढवता येते. तुम्हाला फॉलो करणारे मात्र गेले ते गेलेच. वर्षानुवर्षं जोडलेली माणसं अशी तुटताना मी पाहिली आहेत. त्यात त्या वापरकर्त्यांचा काडीचाही दोष नव्हता, आणि म्हणूनच मला हा विषय इतका लागतो.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव यायचं असेल तर सर्व्हरला एक करार पाळावा लागतो. वंशभेद, लिंगभेद अशा गोष्टींवर सक्रिय मॉडरेशन (पोस्टवर देखरेख), रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हरमध्ये शिरू शकेल अशी किमान आणखी एक व्यक्ती, आणि बंद करायचं झालं तर ३ महिने आधी सूचना. यादीत यायचं असो वा नसो, प्रत्येक अ‍ॅडमिनने हा पाळावा असं मला मनापासून वाटतं. त्यातली दुसऱ्या व्यक्तीची अट सर्वात जास्त टाळली जाते. आमच्याकडे माझ्या एका मैत्रिणीकडे सर्व्हरची, डोमेन नोंदणीची आणि बॅकअपची, तिन्हींची वेगळी प्रवेशसोय आहे. नुसता सर्व्हरचा पासवर्ड देऊन भागत नाही. डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर मशीन धडधाकट असूनही उपयोग नाही.

डोमेनवरून आठवलं. फेब्रुवारी २०२४मध्ये क्विअर डॉट एएफ हा सर्व्हर असाच गेला. डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन, आणि तालिबानच्या ताब्यातल्या तिथल्या मंत्रालयाने ते नाव निलंबित केलं. शेवटची दोन अक्षरं कुठल्या सरकारच्या हाती आहेत, हे नाव निवडतानाच बघा. मॅस्टोडॉनमध्ये नंतर डोमेन बदलता येत नाही. बाकीचे सर्व्हर प्रत्येक खातं त्या नावानेच ओळखतात.

बॅकअपबद्दलही थोडं. पोस्टग्रेसचा डेटाबेस हवाच, त्यात खाती आणि त्यांच्या की असतात. गुप्त मूल्यं असलेली कॉन्फिगरेशनची फाइल हवी. आपल्या लोकांनी चढवलेली चित्रं हवीत. दुसऱ्या सर्व्हरांवरून आलेल्या चित्रांचा कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, मात्र सोडून द्या. डिस्क सगळ्यात जास्त तोच खातो, आणि तो परत आणता येतो. जुना कॅशे काढायला टूटसीटीएल या मॅस्टोडॉनच्या आज्ञा-साधनात आज्ञा आहे, ती वेळापत्रकावर लावा. आणि बॅकअपवरून सर्व्हर पुन्हा उभा करून बघा, नाहीतर तो बॅकअप आहे असं मी म्हणणार नाही.

आकाराचा प्रश्नही इथेच येतो. ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस ट्विटरची मालकी बदलली आणि लोकांचा लोंढा इकडे आला, तेव्हा अनेक सर्व्हरांवर साइडकिकच्या, म्हणजे पोस्ट पाठवण्यासारखी कामं एकेक करून उरकणाऱ्या प्रोग्रामच्या, रांगा तुंबल्या. पोस्ट तासन्‌तास उशिरा पोचत होत्या. रांगा सोडवायला तंत्र आहे, जास्त प्रोसेस लावता येतात. मॉडरेशनला तसं तंत्र नाही. एक तक्रार आली की कुणीतरी बसून ती वाचायची, संदर्भ शोधायचा, समोरच्या सर्व्हरला फक्त मर्यादित करायचं की पूर्ण तोडायचं ते ठरवायचं. पूर्ण तोडलं तर आपल्या लोकांचे तिकडचे फॉलोअर आणि फॉलो दोन्ही तुटतात, म्हणून हा निर्णय मी कधीच एकटीने घेत नाही. नोंदणी आम्ही मंजुरीवरच ठेवली आहे, आणि आम्हा दोघींना जेवढी माणसं नीट सांभाळता येतील तिथे थांबतो. थकलेला अ‍ॅडमिन हे सर्व्हर अचानक बंद पडण्याचं मोठं कारण आहे, असं माझं मत आहे.

या अडचणीवर दुसऱ्यांनी वेगळी उत्तरं काढली आहेत. हबझिला या दुसऱ्या समाजमाध्यम सॉफ्टवेअरमध्ये एकच ओळख एकाच वेळी अनेक सर्व्हरांवर ठेवता येते, एक गेला तरी दुसरा चालू. ब्लूस्काय या समाजमाध्यमाच्या एटी प्रोटोकॉलमध्ये ओळख आणि साठवण वेगळी आहेत. योग्य की तुमच्याजवळ असेल तर जुन्या सर्व्हरच्या सहकार्याशिवायही खातं हलवता येतं. अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये हे यावं अशी माझी फार इच्छा आहे. येईपर्यंत मात्र ते काम अ‍ॅडमिनलाच करावं लागणार.

बंद करायची वेळ आलीच, तर मशीनचा प्लग काढू नका. आधी नोंदणी बंद करा, तारीख जाहीर करा, लोकांना खाती हलवायला आणि आपल्या पोस्टची प्रत उतरवून घ्यायला मदत करा. मग टूटसीटीएलची सेल्फ-डिस्ट्रक्ट आज्ञा चालवा. ती ओळखीच्या प्रत्येक सर्व्हरला इथली खाती काढून टाकायला सांगते, आणि ती परत फिरवता येत नाही. साइडकिकची रांग रिकामी होईपर्यंत सर्व्हर चालू ठेवावा लागतो. हे सगळं आम्ही आमच्या माहितीच्या पानावर पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलंय, नोंदणी करायच्या आधीच वाचता येईल असं.