बैठ्या नोकरीत दिवसाला किती खायचं? माझा १४०० चा आकडा असा ठरला

गेल्या वर्षी ऑफिसच्या आरोग्य तपासणीत माझं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलं. वजन ७६ किलो, उंची १५७ सेंटिमीटर, वय ४३. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहात. पाच-सहा किलो उतरवा, सहा महिन्यांनी परत बघू."

त्याच रात्री मोबाइलवर कॅलरी मोजायचं एक ॲप घेतलं. पहिल्याच पानावर प्रश्न होता, तुमची हालचाल किती? बैठी, हलकी, मध्यम की जास्त? मी क्षणाचाही विचार न करता 'मध्यम' निवडलं. पहाटे साडेपाचला उठून पोळ्या, डबे, मुलीची शाळा, मग स्कूटीवरून ऑफिस, संध्याकाळी आल्यावर पुन्हा ओटा. रात्री अकराला पाठ टेकते तेव्हा पोटऱ्या ठणकत असतात. अशा बाईचं काम बैठं कसं असेल?

ॲपने १६०० चं लक्ष्य दिलं. सहा आठवडे ते मनापासून पाळलं. काटा ७६ वरून ७६.२ वर गेला.

मग मी चिडून स्वतःच १२०० वर आले. सकाळी अर्धी वाटी पोहे, दुपारी एक पोळी आणि भाजी, रात्री नुसतं सूप. दुपारी चारच्या सुमाराला डोकं धरायचं, संगणकावरचे आकडे दोनदा तपासावे लागायचे (मी अकाउंट्समध्ये आहे, तिथे हे परवडत नाही). सतराव्या दिवशी घरी येऊन उभ्या उभ्या डब्यातला चिवडा खाल्ला, आणि मग जेवलेसुद्धा. त्या रात्री मला रडू आलं. पण दुसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन बसले.

हिशोब अवघड नाही. मिफ्लिन-सेंट जॉर नावाचं १९९० सालचं सूत्र आहे. बायकांसाठी ते असं: वजनाला १० ने गुणा, त्यात उंची गुणिले ६.२५ मिळवा, वयाची पाचपट वजा करा आणि आणखी १६१ वजा करा. माझं उत्तर आलं १३६५. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर साधारण एवढं खर्च करतं. मग याला हालचालीचा गुणक लावायचा. 'मध्यम' म्हणजे १.५५, त्याने माझा खर्च होतो २११६. 'बैठं' म्हणजे १.२, त्याने होतो १६३८. ॲपने २११६ मधून ५०० वजा करून मला सोळाशे दिले होते. म्हणजे मी रोज माझ्या खर्चाइतकंच खात होते. वजन हलणार कुठून?

खरंच बैठं का, हे पाहायला एक आठवडा पावलं मोजली. फोन सतत खिशात ठेवला. कामाच्या दिवशी सरासरी ३८०० पावलं. स्कूटी पार्किंगपासून पार्किंगपर्यंत, मग लिफ्ट, मग आठ तास खुर्ची. ओट्याशी उभं राहून पाय दुखतात, जीव थकतो, ते सगळं खरं आहे. पण त्या थकव्यात कॅलरी फारशा जळत नाहीत. हे मान्य करायला मला जड गेलं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींना ते जड जात असेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा तक्ता पाहिला, तर बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीसाठी त्यात दिवसाला १६६० कॅलरी धरल्या आहेत. माझा आकडा त्याच्या आसपासच होता.

१६३८ मधून साधारण २५० कमी केले आणि १४०० ठरवले. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, त्यामुळे महिन्याला एखादा किलो उतरेल. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं.

खरं काम पुढेच होतं, स्वयंपाकघरात. ॲपमध्ये मी प्रत्येक भाजीला एक चमचा तेल लिहीत होते. मग सरळ डब्याचा हिशोब केला. आमच्याकडे चार माणसांत पाच लिटर शेंगदाणा तेल महिनाभर जातं. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. तीस दिवस, चार माणसं, म्हणजे माणशी रोज ३७-३८ ग्रॅम. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या! सासूबाई म्हणाल्या, "अगं, फोडणी काय मोजून घालतात?" मी त्यांना हा कागद दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पळीऐवजी पोह्याचा चमचा तेलाच्या भांड्यात ठेवला. आता तो डबा दीड महिना जातो.

ऑफिसचा चहा दुसरा. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, दुधासकट कपाला सत्तरेक कॅलरी. आता दोनच कप घेते, अर्धा चमचा साखरेचे. पोळ्या दोनच, पण वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि दही रोज. त्याने चारची डोकेदुखी थांबली. चतुर्थीला मात्र धक्का बसला. साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, तूप असं एकेक वजन करून पाहिलं, तर माझी नेहमीची ताटली साडेसहाशेच्या वर गेली. खिचडी सोडली नाही. वाटीभर घेते आणि बरोबर काकडीची कोशिंबीर.

रोज १४०० जमतंच असं नाही. लग्नकार्य, सणवार असतात. म्हणून मी आठवड्याचे ९८०० धरते. एखाद्या दिवशी १८०० झाले तर पुढचे तीन-चार दिवस शंभर-शंभर कमी करते, उपाशी राहत नाही.

साडेपाच महिन्यांत ७१ किलो झाले, एचबीएवनसी ५.८. वजन कमी झालं की खर्चही कमी होतो, म्हणून सूत्र परत मांडलं. आता १५७८ येतात. आधीइतकीच तूट ठेवायची तर लक्ष्य १३३० वर न्यावं लागेल. मला ताटातून आणखी काही काढायचं नव्हतं. म्हणून १४०० तसेच ठेवलेत, आणि रात्री जेवणानंतर मुलीला घेऊन सोसायटीभोवती अर्धा तास चालते. शाळेतलं सगळं ती तेव्हाच सांगते.